घरच्या डावाला चिप्स: खऱ्या कॅसिनोच्या की हुबेहूब नकला?

विश्रामबागी
मंडळी, दिवाळीच्या आत एक वाद मिटवायचा आहे, मदत करा.

सांगलीत आमचा शनिवारी रात्रीचा डाव असतो. बहुतेक वेळा टेक्सस होल्डेम (पोकरचा एक प्रकार), वहिनी मंडळी बसली की तीन पत्ती. पैसे लावत नाही. जो तळाला जाईल त्याने पुढच्या शनिवारी भडंग आणि चहाचं बघायचं, एवढंच. आता सगळ्यांनी वर्गणी काढून चिप्सचा (डावात पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा) एक चांगला, कायमचा संच घ्यायचं ठरवलंय आणि तिथेच दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, अमेरिकेतल्या बंद पडलेल्या कॅसिनोंच्या वापरलेल्या, पॉलसन कंपनीच्या चिप्स हळूहळू जमवू. बाकीचे म्हणतात, लास वेगासच्या नावाजलेल्या कॅसिनोंच्या हुबेहूब नकला ॲल्युमिनियमच्या पेटीसकट घरपोच मिळतात, कशाला जिवाला घोर?

माझं मत: खऱ्याच घ्याव्यात, आणि घेतल्या की खेळायलाच काढाव्यात. कॅसिनोच्या टेबलावर वर्षानुवर्षं फिरलेल्या चिपच्या कडा जराशा झिजलेल्या असतात, रंग थोडा उतरलेला असतो. ती हाताळण्यासाठीच घडवलेली वस्तू आहे. उलट जिथे आपण कधी पाऊल ठेवलं नाही त्या कॅसिनोचं नाव, आणि त्या कॅसिनोने कधी न पाहिलेली चिप, हे टेबलावर मांडणं मला खोटं वाटतं. तुमचं काय म्हणणं?

चौकटएक्का
पहिला प्रतिसाद माझा आणि मत नकलांना. शनिवारचा डाव आहे, संग्रहालय नाही.

हळदपेठ
मला एक सांगा, पेटीतल्या नकला १४ ग्रॅमच्या असतात. हातात दणदणीत लागतात. मग खऱ्या याहून जड असणार ना? किती ग्रॅमची असते खरी चिप?

तंतुवाद्य_मिरज
हळदपेठ भाऊ, उलटं आहे. अमेरिकन कॅसिनोतली क्लेची (चिकणमाती मिसळलेल्या मिश्रणाची) चिप साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमची असते. घरगुती संचांतल्या साडेअकरा, साडेतेरा, चौदा ग्रॅमच्या चिप्स जड असतात, कारण प्लॅस्टिकच्या आत लोखंडी चकती घातलेली असते. ‘जड म्हणजे अस्सल’ हा समज विकणाऱ्यांनी रुजवला. व्यास दोन्हींचा सारखाच, ३९ मिलिमीटर, त्यामुळे फोटोत फरक कळत नाही. हातात घेतल्यावर मात्र लगेच कळतो.

माझ्याकडे थोड्या पॉलसन आहेत आणि शेजारी ठेवायला नकलाही आहेत. दोन्ही पुढ्यात घेऊनच लिहितोय.

पहिलं बघायचं ते कडेवरचे रंगीत ठिपके. खऱ्या चिपमध्ये ते वेगळ्या रंगाच्या क्लेचे तुकडे असतात, खाच पाडून बसवलेले आणि मग उष्णता व दाब देऊन मूळ चकतीशी एकजीव केलेले. म्हणून रंगाची सीमारेषा किंचित हललेली दिसते, दोन चिप्सचे ठिपके तंतोतंत एकसारखे नसतात. नकलेत ते साच्यातून ओतलेले असतात, सगळे एका मापाचे.

मग मधल्या लेबलवरून नख फिरवा. खऱ्या चिपमध्ये लेबल चकतीबरोबरच दाबलेलं असतं, नख अडकत नाही. नकलेत लेबल खोलगट वर्तुळात चिकटवलेलं असतं, नख काठावर टचकन अडकतं. अगदी सहज उचकटतं सुद्धा.

आणि आवाज. क्लेची गड्डी टेबलावर ठेवली की बोदा, दबका आवाज येतो. आत लोखंड असलेली खणखणते.

पॉलसनच्या काठालगत उंच टोपी आणि छडी यांचा ठसा गोलाकार उमटवलेला असतो. या कंपनीची सुरुवात १९६३ मध्ये लास वेगासला झाली. पुढे २००२ मध्ये फ्रान्सच्या बोन गावातली जुनी बुर्गोन्य ए ग्रासे, लास वेगासचीच बड जोन्स आणि पॉलसन अशा तिन्ही एकत्र आल्या. २०१९ मध्ये जपानच्या एंजल कंपनीने तो सगळा उद्योग घेतला. ते कॅसिनोंनाच माल देतात, घरगुती गिऱ्हाइकाला नाही. त्यामुळे खरी हवी असेल तर वापरलेलीच घ्यावी लागते.

कृष्णाकाठ
तंतुवाद्य यांनी छान लिहिलंय, फक्त एक दुरुस्ती. ‘आत धातू असेल तर नकली’ असा सरसकट नियम लावू नका. बड जोन्सच्या चिप्स साच्यातल्या प्लॅस्टिकच्या आणि आत धातूचा गाभा असलेल्या असतात, त्या कितीतरी कॅसिनोंत चालल्या आहेत. कॅसिनोतही दोन घराणी आहेत. लोहचुंबक घेऊन बसलात तर अस्सल चिप हातची घालवाल.

तंतुवाद्य_मिरज
बरोबर. मी क्लेच्या चिपपुरतंच बोलत होतो. चुंबकाची परीक्षा पॉलसनच्या नकलेला लागू, सगळ्यांना नाही.

मेंढीकोट
आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला आजीच्या हातून चिंचोके मिळतात. मोजून देते, पहाटे मोजून परत घेते. नकली चिंचोका अजून कुठल्या कारखान्याने काढलेला नाही, त्यामुळे आमच्या घरी हा वाद उद्भवत नाही. 😄

चौकटएक्का
मेंढीकोट 😂 आजींना नमस्कार सांगा.

आता माझी बाजू नीट मांडतो. आमच्या टेबलावर मधोमध भडंगाची परात असते. सांगलीचं भडंग म्हणजे तेल, हळद, तिखट, लसूण. प्रत्येकाची बोटं त्यात आणि तीच बोटं चिप्सवर. क्लेची चिप सच्छिद्र असते. पांढऱ्या चिपवर हळदीचा डाग बसला की बसला. ज्या चिपला तुम्ही इतिहास म्हणता, तिला एका रात्रीत फोडणीचा वास लागेल. त्यापेक्षा नकला आणा, साबणाच्या पाण्यात बुडवा, पुसा, पेटीत भरा. मुलांनी दोन हरवल्या तरी जीव वरखाली होत नाही.

आणि दुसऱ्याच्या कॅसिनोचं नाव म्हणाल तर ‘मॉन्टे कार्लो’ छापलेल्या १४ ग्रॅमच्या चिप्स जगभर घराघरांत आहेत. त्या घेणाऱ्याला ठाऊक असतं की या मोनॅकोहून आलेल्या नाहीत. कुणाची फसवणूक झाली?

इस्पिकची_राणी
एक्कादादा, भडंगाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय परात बाजूच्या स्टुलावर ठेवण्याचा आहे. आमच्याकडे जावा-नणंदा मिळून तीन पत्ती खेळतो तेव्हा नियमच आहे: चमच्याने खायचं, पानाला हात लावायच्या आधी हात पुसायचे. नव्या पत्त्यांचं भलं होतं ते वेगळंच.

क्लेच्या चिप्स धुता येतात. कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, मऊ दातांचा ब्रश. कडेच्या खाचांत मळ असतो, तिथे गोल फिरवायचा. भिजत मात्र घालायच्या नाहीत आणि उन्हात वाळवायच्या नाहीत. वाळल्यावर पांढुरक्या, भुकटी लागल्यासारख्या दिसतात. तेव्हा संग्राहक मिनरल ऑइलचा अगदी पुसट हात फिरवतात आणि कपड्याने कोरडं करतात. रंग लगेच उघडतो. खोबरेल नको, ते खवट होतं.

फक्तवाचक
एरवी लिहीत नाही, पण विचारतो. हे सगळं कायद्यात बसतं का? घरात पोकरच्या चिप्स ठेवल्या म्हणून उद्या कुणी दार वाजवणार नाही ना?

खणभाग_वकील
घाबरू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधाचा कायदा लागू आहे. त्याचा रोख जुगाराचा अड्डा चालवण्यावर आणि पैजेवर आहे. चकत्या बाळगणं हा गुन्हा नाही. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये सूट आहे, आणि रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलंय. पोकरबाबत मात्र उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विरोधात मत दिलं होतं. म्हणून पैसे न लावता खेळणं हेच उत्तम, आणि धागाकर्ते तसंच खेळतायत. भडंगाला कुणी पैज म्हणालं तर वकीलपत्र मी घेईन, फी म्हणून भडंगच चालेल.

अवांतर: महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा झाला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला गेला. त्यामुळे ‘महाराष्ट्रातल्या कॅसिनोची जुनी चिप’ असं सांगून कुणी विकायला आला तर त्याला वाटेला लावा.

हळदपेठ
गोव्याच्या चालतील का? मांडवीतल्या बोटींवर गेलेले बरेच जण खिशात एखादी घेऊन येतात.

कृष्णाकाठ
आठवण म्हणून एखादी ठीक, संच करायला नाही. चिप ही कॅसिनोची मालमत्ता असते. अमेरिकेत नेवाडाच्या नियमांतही ते स्पष्ट लिहिलेलं आहे. एखाददुसरी कुणी नेली तर ते कानाडोळा करतात. गोव्याला प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जी एकदाच खेळायची चिप मिळते, ती टेबलावर लावली की गेली.

शिवराई_सातारा
चिप्सचं मला फारसं कळत नाही, मी नाण्यांचा माणूस. पण चौकटएक्का यांच्या ‘कुणाची फसवणूक झाली’ या प्रश्नावर लिहावंसं वाटलं, कारण साताऱ्यात आणि आसपासच्या किल्ल्यांवर हा प्रश्न रोज डोळ्यांसमोर असतो.

गडाच्या पायथ्याशी शिवराईच्या प्रतिकृती मिळतात. मुलं हौसेने घेतात, मला त्यात आनंदच आहे. घेणाऱ्याला माहीत असतं. पुढे तीच प्रतिकृती एखाद्या डब्यात पडते, वीस वर्षांनी नातवाच्या हाती लागते, तो ती ‘आजोबांची शिवराई’ म्हणून बाजारात नेतो. फसवणूक तिथे होते, आणि तोवर पहिला विकणारा-घेणारा कुणीच समोर नसतो.

शिवराई ओळखायची एक खूण सांगतो. खऱ्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्र पति’ ही अक्षरं बहुधा पूर्ण मावत नाहीत. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असायची, ठसा हाताने हातोडीने मारलेला, त्यामुळे भोवतालच्या ठिपक्यांचं वर्तुळ एका बाजूला कापलं जातं. प्रतिकृतीत मात्र पूर्ण अक्षरं आणि पूर्ण वर्तुळ, अगदी मधोमध. भिंगाखाली ओतीवपणाचे बारीक खड्डे दिसतात.

अमेरिकेत १९७३ पासून कायदा आहे की नाणी, टोकन, पदकं यांच्या नकलेवर ‘कॉपी’ असा शब्द उमटवलाच पाहिजे. माझं म्हणणं तेवढंच. नक्कल करा, खेळा, पण वस्तूच्या अंगावर ते लिहिलेलं असू द्या.

चौकटएक्का
शिवराईदादा, मुद्दा आवडला. पण शिवराईला हात लावताना आपण कुणाच्या काळाला हात लावतोय हे जाणवतं. जुगाराच्या चकतीला तुम्ही त्या रांगेत बसवणार का?

शिवराई_सातारा
त्या रांगेत नाही बसवणार. पण कुणाचा तरी जिव्हाळा जिच्यात गुंतलाय अशी कुठलीही जुनी वस्तू फसवणुकीपासून वाचायला हवी.

तंतुवाद्य_मिरज
आणि चिप्सना स्वतःचा इतिहास आहेच की. क्लेच्या आधी हाडाच्या, हस्तिदंताच्या चकत्या होत्या. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चीनमधल्या कँटनचे कारागीर युरोपातल्या श्रीमंत घरांसाठी शिंपल्यांच्या चकत्या कोरून पाठवायचे, त्यावर त्या घराण्याची मुद्रा असायची. अमेरिकेत १९८८ पासून चिप्स-टोकनच्या संग्राहकांचा क्लब आहे.

नकलेने काय होतं त्याचं उदाहरण: जानेवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोतल्या पोकर स्पर्धेत नकली चिप्स घुसल्या. स्पर्धा अर्ध्यात थांबवून रद्द करावी लागली. करणाऱ्याने उरलेल्या चिप्स जवळच्या हॉटेलच्या संडासात टाकल्या, नळ तुंबले आणि त्यावरून माग लागला.

आणि खऱ्या चिपचंही सांगतो. डिसेंबर २०१० मध्ये बेलाजिओ कॅसिनोत हेल्मेट घातलेला मोटारसायकलवाला पंधरा लाख डॉलरच्या चिप्स लुटून गेला. कॅसिनोने काय केलं, तर पंचवीस हजार डॉलरच्या त्या चिप्स मुदत देऊन बादच करून टाकल्या. चिपची किंमत कॅसिनो ‘देतो’ म्हणतो तोवरच. ‘नाही’ म्हणाला की ती संग्राहकाची.

मेंढीकोट
संडास तुंबल्यावर सापडलेला चोर! आजीला सांगितलं, आजी म्हणाली ‘तरी मी मोजून घेते’. 😄

गावभाग
धाग्यात पुराचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, आमच्या घरात तळमजला पूर्ण बुडाला. माळ्यावर चढवायचं ते धान्य, कागदपत्रं, आजोबांची पेटी. पत्त्यांचा कप्पा खालीच राहिला.

पाणी ओसरल्यावर गाळातून चिप्स निघाल्या. लोखंडी चकतीवाल्या चिप्सच्या फटीतून गंजाचं तांबडं पाणी येत होतं, लेबलं सुटून एकमेकांना चिकटली होती. सगळ्या टाकल्या. त्यातच पुण्याच्या भावाने दिलेल्या सिरॅमिक चिप्स होत्या. धुतल्या, आजही त्याच वापरतो. त्यांच्यात लेबल नसतंच, चित्र उष्णतेने पृष्ठभागातच उतरवलेलं असतं, अगदी कडेवरसुद्धा. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. हातात थोड्या घसरतात एवढाच दोष.

नदीकाठच्या लोकांनी हाही विचार करावा.

हळदपेठ
गावभागकर, त्या दिवसांत आमच्याकडेही पेठेतला माल भिजला होता. वाचून सगळं डोळ्यांपुढे आलं.

इस्पिकची_राणी
गावभागदादांनी सिरॅमिकचा विषय काढला म्हणून सांगते. आम्ही सिरॅमिकच्याच करून घेतल्यात, पण कुठल्या कॅसिनोच्या नावाने नाही. माझ्या भाचीने चित्र काढलं: आयर्विन पुलाच्या कमानी, खाली पाण्याच्या रेषा, मध्ये आकडा. पाचची लाल, पंचवीसची हिरवी, शंभरची काळी, म्हणजे अमेरिकन कॅसिनोंचेच रंग ठेवले. त्यामुळे बाहेर खेळलेल्या पाहुण्याला सांगावं लागत नाही. कडेवर आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर.

ही नक्कल आहे का? मला नाही वाटत. ती कशाचीच नक्कल नाही, आमच्या घरची अस्सल चिप आहे. तंतुवाद्य यांनी कँटनच्या चकत्यांचं लिहिलं, त्यावरही घरचीच मुद्रा होती ना?

चौकटएक्का
ताई, हे मान्य. हे मला दोन्ही पर्यायांपेक्षा आवडलं. पण माझी नकलांची बाजू अजून सोडलेली नाही हं.

विश्रामबागी
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंची कल्पना वाचून आमच्या ग्रुपमध्ये खळबळ उडालीय. पण खऱ्या चिप्सचा मोह सुटत नाही. काही विक्रेते म्हणतात की जुन्या कॅसिनो चिपचं मूळ लेबल खरवडून त्यावर आपलं लेबल बसवून देऊ. म्हणजे क्ले खरी आणि चित्र आपलं. हे करावं का?

तंतुवाद्य_मिरज
कृपा करून करू नका. असं करणारे पुष्कळ आहेत हे मला माहीत आहे, त्यांचं म्हणणं असं की चिप पडून राहण्यापेक्षा वापरात राहते. पण बंद पडलेल्या कॅसिनोच्या चिप्स नव्याने बनत नाहीत. नेवाडात कॅसिनो बंद झाला की ठरावीक मुदतीत पैसे देऊन चिप्स परत घेतात आणि उरलेल्या नष्ट करतात. त्यातून वाचलेल्या मोजक्या चिप्सवरचं नाव आपणच खरवडायचं? मिरजेत जुन्या तंबोऱ्याची तार बदलतात, खुंटी बदलतात, भोपळा तडकला तर सांधतात. जुन्या कारागिराचं नाव कुणी घासून काढत नाही.

कृष्णाकाठ
यावर तंतुवाद्य यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि विश्रामबागी, तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण एक व्यवहाराची गोष्ट राहिलीय.

खऱ्या चिप्सचा पूर्ण संच जमवताना अडतं ते मोठ्या आकड्यांवर. एक आणि पाच डॉलरच्या मिळतात, कारण लोक त्या आठवण म्हणून घरी नेतात. पाचशे-हजारची चिप कुणी खिशात टाकून घरी नेत नाही, ती वटवतो. म्हणून बंद कॅसिनोच्या मोठ्या चिप्स दुर्मिळ आणि महाग. यातून वाट आहे: कॅसिनोच्या स्पर्धांसाठी बनलेल्या चिप्स शोधा. त्यांच्यावर ‘रोख मूल्य नाही’ अशा अर्थाचा मजकूर असतो. त्या खऱ्याच, त्याच कारखान्यातल्या, त्याच टेबलांवर खेळलेल्या. मोठे आकडेही मिळतात. वर त्या पैशाच्या नाहीतच, म्हणजे तुमच्या बिनपैशाच्या डावाला अगदी योग्य.

दुसरं, संचात पाचशे चिप्स लागतच नाहीत. आठ जण धरा. प्रत्येकाला २५ च्या बारा, १०० च्या बारा, ५०० च्या पाच, १००० च्या सहा. बरोबर दहा हजार होतात, माणशी ३५ चिप्स. आठ जणांना २८०. ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायची रक्कम) वाढल्यावर २५ च्या काढून घेता तेव्हा बदलायला मोठ्या थोड्या हव्यात. साडेतीनशेत सगळं बसतं. नऊ ग्रॅमने सव्वातीन किलोही होत नाही, टपालखर्च वाचतो.

हळदपेठ
हा हिशेब वहीत उतरवून घेतला.

चौकटएक्का
‘रोख मूल्य नाही’ लिहिलेली खरी चिप! शिवराईदादांचंही समाधान झालं की हो, वस्तूच्या अंगावरच सगळं लिहिलेलं.

शिवराई_सातारा
झालं. 🙂

विश्रामबागी
हे आम्हा कुणाला माहीतच नव्हतं. आजच ग्रुपवर टाकतो. माझा कौल स्पर्धेच्या खऱ्या चिप्सना, आणि तीन पत्तीसाठी ताईंसारख्या घरच्या सिरॅमिक, कारण वहिनींनी पुलाच्या कमानींचा फोटो आधीच मागवलाय. चौकटएक्का, तुमच्या नकला तुमच्याच टेबलावर राहू द्या, पण एका शनिवारी खेळायला या.

तंतुवाद्य, मिरजेहून येता येणार असेल तर तुमच्या पॉलसन आणि नकला दोन्ही घेऊन याल का? आमच्यातल्या काहींना अजून नखाची परीक्षा खरी वाटत नाही.

तंतुवाद्य_मिरज
येतो. चुंबकही आणतो. भडंग टेबलापासून लांब ठेवा.

इस्पिकची_राणी
आणि पत्ते? एवढ्या चांगल्या चिप्सवर कागदी पत्ते आणू नका, दमट हवेत लगेच फुगतात. पूर्ण प्लॅस्टिकचे दोन जोड घ्या, एक पिसायला आणि एक वाटायला.

फक्तवाचक
प्लॅस्टिकचे पत्ते पिसताना निसटतात, त्याला काही उपाय आहे का?

इस्पिकची_राणी
टेबलावर जाड सुती चादर घट्ट ताणून बांधा आणि पत्ते हवेत न पिसता चादरीवर पिसा. नवा जोड पहिल्यांदा ओल्या फडक्याने पुसून घ्या, वरचा गुळगुळीत थर थोडा कमी होतो.